दंडे

खानापूरच्या पट्टण पंचायतीत अकराची सुनावणी
पावणेबाराला सुरू झाली.
भिंतीवर मलप्रभा टांगलेली,
दोन खिळ्यांवर, जराशी तिरकी.
नदी निळी. कडेनं हिरवा पट्टा,
पट्ट्यात फिरायची वाट, बाकं, एक कारंजं,
आणि भरमाणी कुंभार जिथनं माती काढतो
तिथं पिवळा चौकोन : वाहनतळ.

माझं काम एवढंच,
साहेबांचं कन्नड इकडं आणायचं,
लोकांचं मराठी तिकडं न्यायचं.
दिवसाला चारशे, चहा धरून.

साहेब म्हणाले, ‘नदी दंडे’.
मी तोंड उघडायच्या आत
मागच्या रांगेतून दावलबी उठली :
“दंड कसला? आम्ही काय केलो?”
लोक हसले. साहेबही हसले.
मी सांगितलं, दंडे म्हणजे काठ, मावशी,
त्यांच्यात काठाला दंडे म्हणतात.
ती बसली,
पण पदराची गाठ चाचपत बसली.

मग आक्षेप.
हा शब्द दोन्हीकडं तोच,
त्याला माझी गरज पडली नाही.

शांतव्वा मडिवाळर कन्नडात सुरू झाली,
मध्येच मराठीत आली, परत कन्नडात गेली.
मी कुठं धरावं, कुठं सोडावं कळेना.
घाटाखाली तिचे तीन दगड आहेत.
एक सासूचा, एक तिचा,
तिसरा सून येईल तिच्यासाठी राखलेला.
नकाशात दगड नव्हते.
“बाकं किती ओ?” साहेबांनी मोजली. अठ्ठेचाळीस.
“त्यातल्या तिनावर धुणं आपटलं तर चालतंय?”
हे तिनं मराठीत विचारलं,
आणि मी कन्नडात ‘आपटलं’चं ‘वाळत घातलं’ केलं.
साहेबांना वाईट वाटू नये म्हणून.
तिला दोन्ही भाषा येतात.
तिनं माझ्याकडं बघितलं फक्त.

कॉलेजची वैदेही हलगेकर उभी राहिली.
मला वाट हवीय, म्हणाली. दिवे पण हवेत.
सहानंतर आम्ही पोरी नदीकडं फिरकत नाही,
माझ्या गावची नदी मी अंधारात कधी बघितलेलीच नाही.
सभागृह गप्प झालं.
शांतव्वानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून,
मला सांगता येणार नाही.

भरमाणी बोललाच नाही.
उठला, नकाशापाशी गेला,
चष्मा नव्हता म्हणून नाक लावून बघितलं,
आणि पिवळ्या चौकोनावर अंगठा टेकवला.
तिथनं वर ओढत नेला,
कारंज्यावरनं, बाजारावरनं, उर्दू शाळेच्या कोपऱ्यावरनं,
थेट या इमारतीच्या पायरीपर्यंत.
“पाणी हिथवर येतंय.”
कुंभाराचा अंगठा कितीही धुतला तरी धुतला जात नाही,
मागं तांबूस रेघ राहिली.

कुठल्या साली? साहेबांनी विचारलं.
“धाकटी झाली त्या साली.
आणि तिचं लग्न ठरलं त्या साली.”
मी जसंच्या तसं सांगितलं, यावेळी काही बदललं नाही.
पण अर्जात इसवी सनाचा रकाना होता.
टायपिस्ट बोटं वर धरून थांबली.
कुणीतरी पंख्याचा वेग वाढवला.

तीन वाजता अहवालात ओळ आली :
हरकती अकरा, सुनावणी शांततेत पार पडली.
शिपायानं खिळ्यांवरून नदी उतरवली,
गुंडाळी केली, रबर लावलं.
रेघ आत गेली. पुसली असेल,
किंवा दुसऱ्या बाजूलाही उमटली असेल.

फाटकाशी दावलबी वाट बघत होती.
काठाच्या गाळात तिची कोथिंबिरीची चार सरं आहेत,
नकाशात तिथं नुसता हिरवा रंग,
कोथिंबिरीपेक्षा कितीतरी हिरवा.
“तू शिकलेला हाईस. खरं सांग,” ती म्हणाली,
“भरायचं किती?”

मी म्हणालो, काही नाही मावशी, काही नाही.
कुठल्या भाषेत म्हणालो ते आठवत नाही.
तिनं गाठ सोडली नाही.