पांढरी कड

नाझनीन, ही पीस लिली आता तुझी.
मला ती जिजी थॉमसने दिली होती,
तिला पाचव्या मजल्यावरच्या सुदानी मास्तरांनी.
फहाहीलच्या या बिल्डिंगमधून माणसं कायमची जातात,
झाडं नुसता मजला बदलतात.

काठाला दिसते ना ही पांढरी कड,
कढी वाळून पातेल्याला धरावी तशी?
बुरशी नाही ती. मी जिभेला लावून पाहिलंय.
ऑगस्टमध्ये बांधकामावरच्या पोरांच्या शर्टांवर
पाठभर उमटतो, तोच नकाशा.

नळाचं पाणी समुद्रातूनच येतं, गोड होऊन,
पण गच्चीवरच्या टाकीत तापतं, आटतं.
झाड आपल्यापुरतं पाणी पितं,
बाकीचं मुळांपाशी तसंच राहतं
कुणी विचारेपर्यंत.

म्हणून एसीची नळी बादलीत सोडलीय.
रात्रभर टिपटिप, सकाळी अर्धी बादली,
अगदी कोरं पाणी.
डिसेंबरात एसी बंद असतो,
तेव्हा पलंगाखालच्या बाटल्या काढ. एकवीस आहेत.

महिन्यातून एकदा कुंडी बाथरूममध्ये ने
आणि सावकाश ओत, कुंडीच्या तीन-चार पट.
खालून आधी चहासारखं येईल,
मग फिकं,
मग नितळ.
बशीतलं फेकून दे. ते परत पिऊ देऊ नकोस.

एवढंच तर करत होते मी अठरा वर्षं,
डायलिसिसच्या वॉर्डात, चार नंबरच्या मशीनवर.
अबू नासिर विचारायचे, आज किती काढलंस?
अडीच लिटर, मी सांगायचे.
एकदा कुंडीचं सांगितलं तर हसले:
झाडाचं राहू दे, आधी माझं मीठ काढ.
रमजाननंतर त्या खुर्चीवर दुसरंच कुणी बसायला लागलं.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
जागले की मी.
नाइट ड्युट्या मोजल्या नाहीत.

खताचं म्हणशील तर डब्यावर लिहिलंय त्याच्या पाव.
पहिल्या वर्षी मी भरभरून घातलं,
घरून फोन आला नाही की एक चमचा.
पानांची टोकं जळाली, विडीसारखी.
अति तेथे माती, आई म्हणायची;
इथे अति तेथे मीठ.

वरचा बोटभर थर खरवडून टाक, नवं कोकोपीट घाल,
पण आधी तेही धू, दोनदा.
तुमच्या श्रीवर्धनसारख्याच कुठल्यातरी खाडीत
कुजवलेल्या सोडणांचं असतं ते,
आपला खारटपणा बरोबर घेऊन येतं.

बाकी काही नाही.
खरवडायचा लाकडी चमचा खिडकीत आहे.
बादलीवर झाकण ठेव, गॅलरीतलं मांजर तोंड घालतं.
माझं विमान पहाटेचं.
ही कळी उद्या-परवा उमलेल बहुतेक.
उमलली तर लगेच फोटो नको पाठवूस,
आधी बशी बघ.