दोन बोटं

आधी चाक आणि कमानीच्या मध्ये
माझी चार बोटं मावायची.
ग्रॅनविलने स्प्रिंगा बदलल्या, मग दोनच मावू लागली.
त्याने त्या आणखी कापल्या,
तेव्हा मी बोटं घालणं सोडून दिलं.

चाकं आली शुक्रवारी, बेकरीच्या व्हॅनमधून,
ब्लँकेटात गुंडाळून, बाळंतिणीला आणावं तशी.
पंधरा इंची, काठ आरशासारखे,
एका आऱ्यावर मात्र कुणाच्या तरी फुटपाथचा जुना चरा.
आई म्हणाली, हॉलमध्ये नकोत.
ती हॉलमध्येच राहिली.
मिसेस आडेनडॉर्फ आल्या वर्गणीला,
त्यांनी एकावर चहाचा कप टेकवला.

पा खुर्चीत होता.
करीएगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं
त्याने पुढचं डावं चाक बसवलं.
फक्त तेच. डावं, पुढचं.
समोर उजव्या बाजूला म्झुकिसी,
आणि दोघांच्या मध्ये कायम एक गाडी.
चाकोरी म्हणतात ती हीच असावी:
चाकं पुढे जातात, माणूस जागच्या जागी.
मागच्या जुलैत म्झुकिसीला पोचवून आला
तेव्हापासून पा पेपर वाचतो,
निदान धरून तरी बसतो.

शनिवारी वारा असा की पत्रे वाजत होते.
गाडी इतकी बसकी की जॅक खाली शिरेना.
आधी दोन फळ्यांवर चढवली, मग जॅक लावला.
कमानीची आतली कड आड येत होती.
ग्रॅनविलने गरम हवेची बंदूक धरली,
रंग तडकू नये म्हणून हळूहळू, भाकरी शेकावी तशी,
आणि क्रिकेटच्या बॅटची मूठ लावून
कड आत वळवत नेली.
मी टॉर्च धरला. हात दुखला. कुणी विचारलं नाही.

मग चाक हबवर सरकलं,
मधल्या भोकात कडी बसली, टक्.
ग्रॅनविलने जुना बोल्ट उचलला.

"थांब."

पेपरामागून.
पा उठला, बोल्ट घेतला, अंगठ्याने चाचपला.
"याचा खांदा गोल आहे. भोक निमुळतं आहे.
बसल्यासारखं वाटतं. बसत नाही.
गावाबाहेर पडेपर्यंत बसतं."

शेडमधून जॅमची बाटली घेऊन आला.
निमुळत्या खांद्याचे बोल्ट, तेलात बुडवलेले.
कधीपासून ठेवले होते, कशासाठी, कुणास ठाऊक.
हवे होते सोळा.
निघाले तेरा.

डावं पुढचं चाक त्याने स्वतः बसवलं,
आधी हाताने, मग समोरासमोरचे आवळत,
शेवटी पाना टक् करेपर्यंत.
मला श्वास घेता आला नाही तेवढ्यात झालं.
मागची दोन ग्रॅनविलने केली, पा नुसता बघत होता.
उजव्या बाजूला तो गेलाच नाही.
"तिकडे माझे हात उलटे पडतात," म्हणाला.
तिथे जुनंच चाक राहिलं,
काळं, साधं, कारखान्यातून आलं तसं.
तीन बोल्टांना सोमवार उजाडणार होता.

"फक्त कोपऱ्यापर्यंत," ग्रॅनविल म्हणाला,
आणि आम्ही तिघं निघालो.
स्टिअरिंग पूर्ण वळलं की टायर कुठेतरी कुरकुरे.
पाने खिडकीतून खाली पाहिलं.
"रस्ता फारच जवळ आलाय रे."

शाळेपाशी गतिरोधक.
ग्रॅनविलने गाडी तिरकी घातली,
पोट घासलं, असं की माझेच दात शिवशिवले.
"उतरा," तो म्हणाला, "ओझं कमी करा."

उतरलो. गाडी मुंगीच्या पावलाने चढू लागली.
पा डावीकडून चालत होता, मी उजवीकडून,
आमच्या मध्ये ती, कमरेएवढीच.
छतावरून त्याने माझ्याकडे पाहिलं
आणि हात वर केला,
पाळी सुटल्यावर करतात तसा.

मला काय करायचं ते कळेना.
मीही केला.