वापरण्याजोगी

फ्रिजच्या मागं ठिणगी पडली दुपारी सव्वादोनला,
हे लिहायला फॉर्मात जागा होती.
आम्ही तेव्हा नंदगडच्या बाजारात
ओल्या काजूगरांचा भाव करत होतो,
त्याला नव्हती.

अकराव्या दिवशी हलशीला सर्वेअर आले, हुबळीहून.
ईरण्णा हुद्दार. बूट दारातच काढले,
दार नव्हतं तरी.

टेप लावून भिंत मोजली,
काळी किती, भेगाळलेली किती.
"कपाट येष्ट वर्षद्द, अक्का?"
लग्नातलं, म्हटलं.
"म्हणजे बावीस."
आणि बावीस वर्षं कपाटातून वजा केली.
गाद्यांतून सात. मिक्सरमधून चार.
शिवणयंत्राचं बिल मागितलं;
बिल शिवणयंत्राच्याच खणात होतं.
गिऱ्हाइकांची अकरा ब्लाउजं माझी नव्हेत,
म्हणून यादीत नाहीत.
ती मी अजून फेडते आहे, महिन्याला एक.

ऑफिस बेळगावात, दुसऱ्या मजल्यावर.
तिथली पोरगी गोड बोलायची, कागद बोलू द्यायचे नाहीत.
उताऱ्यावर मालक परशरामप्पा,
आधारवर परशुराम,
पासबुकात परसराम.
"ह्यातला विमा कुणाचा?"
शेवटी वकिलाकडून स्टॅम्पावर लिहून आणलं,
वर कानडीत, खाली इंग्रजीत,
की हे तिघे एकच इसम आहेत.
ह्यांनी सही केली ती मराठीत,
आणि जिना उतरताना मला म्हणाले,
तिघं असून एक वासा धरवला नाही बघ.

पण मला सांगायचंय ते पाण्याचं.
त्या पहिल्या दिवशी ऊन मी म्हणत होतं,
हुद्दारांना कोळशाचा ठसका लागला.
सगळी भांडी काळीठिक्कर.
मी पहाटेच एक पेला
चिंच लावून, राखेनं घासून ठेवलेला
(राखेला काय तोटा),
तोंड दिसेल असा.
त्यात पाणी दिलं.
ते प्याले. पेला उलटा करून बघितला.
तळाला टिंबाटिंबांनी कोरलेलं,
वास्तुशांतीप्रीत्यर्थ, मंजुळा गुंजटकर हिजकडून.
मग वहीत एक ओळ लिहिली.

ती ओळ मला आषाढात कळली,
भाच्यानं पत्र वाचून दाखवलं तेव्हा.
मागितले दोन लाख चौदा हजार, मंजूर एकाहत्तर.
भांडी: साफ केल्यास वापरण्याजोगी.
सतरा हजार तिथं गेले.

रत्नाक्का म्हणाली, काळ्या पेल्यात द्यायचं होतंस की!
त्याच्याबी घशाला कळलं असतं.
मी हसले.
रात्री पत्र्याखाली पडून
मात्र बराच वेळ तेच घोळवत राहिले,
काळा पेला, वर तरंगणारी काजळी,
त्यांचा तो पांढरा रुमाल.

भाद्रपदात ते परत आले, दुरुस्ती बघायला.
नवे वासे, नवी कौलं,
वायरी अजून लोंबत्या.
बूट काढले. ह्या वेळी दार होतं.
"अक्का, थोडं पाणी."

मोरीजवळ पाच पेले तसेच काळे ठेवलेले,
मुद्दाम.
हात त्यांच्यावर गेला माझा,
खोटं कशाला बोलू.
बोटाला काजळ लागलं, ते पदराला पुसलं
आणि मंजुळाचाच पेला भरला, काठोकाठ.

ह्या वेळी त्यांनी तो उलटा केला नाही.
खाली ठेवला, आढ्याकडं बघत म्हणाले,
"मनी छलो आगेद री."
घर बरं झालंय.

म्हटलं, साहेब,
तेवढं लिहू नका.