मागे सर

सोडला म्हणजे काय, एका मंगळवारी गेलो नाही, इतकंच.
मंगळवार आमचा किल्ल्याचा वार.
साडेदहाला पंचवीस जणांनी दाराशी जमायचं,
कोण आलं, कोण नाही, मी वहीत टिपायचो.
खरोखरची वही, दोनशे पानी,
कन्नमवार नगरच्या नाक्यावरून आणलेली.
बाबांनी एकदा चाळली.
म्हणाले, हे तर मस्टर आहे.
ओव्हरटाइम देतात का?

एका खोलीत आम्ही दोघं, मध्ये पडदा.
मी माइकमध्ये कुजबुजायचो, मागे सर, मागे सर, आग येतेय,
आणि पडद्यापलीकडे बाबा झोपेतच
भिंतीकडे सरकायचे.

तिथे माझं नाव लिंबूपाणी. काम वैद्याचं.
सहा वर्षं दुसऱ्यांच्या जिवाच्या पट्ट्या बघितल्या,
लाल झाली की हिरवी करायची.
ड्रॅगन दिसतो कसा,
नीट सांगता येणार नाही मला.

सुरुवातीला असं नव्हतं.
वसईचा अ‍ॅन्सेल्म, कुर्ल्याची नुझहत आणि मी
दलदलीत तीन तास हरवलो होतो.
नकाशा नाही. मशाल एकच,
तीही नुझहतने चुकून विकलेली.
बेडकांच्या कातड्याचे जोडे घालून
आम्ही अंधारात गोल गोल फिरलो,
हसू दाबायला मी उशी चावली.
काहीच मिळालं नाही त्या रात्री.
पुढची पाच वर्षं
मी त्याच रात्रीला जात होतो बहुतेक.

मग सगळ्यांना सगळं माहीत झालं.
कुठे उभं राहायचं, कितव्या सेकंदाला उडी.
नवा कुणी गोष्ट वाचायला थांबला
की चोवीस जण ओरडायचे, स्किप कर.
रोजची कामं आली: दहा रानडुकरं, पाच मुळ्या,
एक दिवस चुकला की साखळी तुटली.
माझी चारशे अकरा दिवसांची होती.
आईच्या वर्षश्राद्धाला
भटजी हात धुवायला गेले, तेवढ्यात
मी डुकरं मारून आलो.
हे कुणाला सांगितलेलं नाही.

दोन वर्षं राबून केलेली काठी
एका गुरुवारच्या अपडेटनंतर
चिंधीच्या भावाने विकायला होती.
तेही चाललं असतं.

पण शिरस्त्राण एक आणि मागणारे दोघं,
आणि मी वही उघडली.
म्हटलं, अ‍ॅन्सेल्म, तुझ्या तीन गैरहजेऱ्या आहेत.
तो बराच वेळ बोलला नाही. मागे त्याचं बाळ रडत होतं.
मग म्हणाला, तू कंपनी झालास रे.
नुझहत भांडलीसुद्धा नाही.
तिचं नाव नुसतं राखाडी पडलं:
नव्वद दिवसांपूर्वी दिसली होती, दोनशे दिवसांपूर्वी,
पुढे आकडा दाखवणंच बंद.

त्या मंगळवारी मशीन सुरू केलं, हेडफोन घातले,
दहा वीसला काढले.
तहान लागली होती. पाणी खोलीतच होतं,
तरी चार जिने उतरलो.
खाली दिव्याखाली पोरं कॅरम खेळत होती.
एकाची राणी हुकली, दुसऱ्याने शिवी दिली,
तिसरा मधूनच उठून जेवायला गेला.
कुणी टिपून ठेवलं नाही.
मी उभा राहिलो, डाव संपेपर्यंत,
मग पुढचाही.

वर आलो तर एकोणीस मेसेज.
लिंबूपाणी कुठाय?
लिंबूपाणी कुठाय?
आम्ही मरतोय इथे.

आता वहीत दुधाचा हिशेब असतो.
झोप लगेच येत नाही, बोटं चादरीवर
कळा शोधत राहतात.
परवा पडद्याआडून बाबा म्हणाले,
जागा आहेस?
हो.
हल्ली कुणाला मागे सर म्हणत नाहीस.
नाही.
थोड्या वेळाने त्यांची खाट करकरली.
आपले आपणच
भिंतीकडे सरकले असावेत.