निरोप

आठ वर्षांची होते.
जेवताना, पाहुण्यांच्या देखत म्हणाले,
"आई रात्री नळ सोडून रडते."
वडिलांच्या हातातला पेला वरच राहिला,
शुभेच्छेचं वाक्य अर्ध्यात.
कुणीतरी अक्रोडांची वाटी पुढे सरकवली.

त्या रात्रीपासून आईनं अबोला धरला.
एकोणीस दिवस. मी मोजले,
पलंगामागच्या भिंतीवर, नखानं.
मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही.
वेणी घालायची रोज,
माझ्या डोक्यावरून खिडकीबाहेर बघत.

काही सांगायचं झालं तर नेस्तानला सांगायची.
नेस्तान पाच वर्षांची.
दोन खोल्यांमध्ये एकच दार, तेही उघडं,
तरी ती धावत यायची, एकाच पायात मोजा:
"आई म्हणते, पाव ठेवलाय. गरम आहे. लवकर ये."
"आई म्हणते, टोपी घाल.
रिओनीवरून वारा सुटलाय, तुझे कान दुखतील."

त्या "गरम आहे"वर मी दिवस काढले.

विसाव्या दिवशी आई म्हणाली,
"दूध उतू जातंय, बघ."
बस्स, एवढंच.
मी धावले दुधाकडे,
शेपूट असतं तर हललं असतं.

आता सेहेचाळीस. कुतैसीतच राहते, पुलापलीकडे.
कुणी दोन मिनिटं गप्प बसलं की माफी मागते,
दुकानदाराची, डॉक्टरची,
एकदा तर अडकलेल्या लिफ्टची.
त्बिलिसीच्या बाई म्हणाल्या, त्या मुलीला पत्र लिहा.
परतीच्या बसमध्ये लिहायला घेतलं. "प्रिय" लिहिलं.
मग त्याखाली: कांदे, धणे, जिन्यातला बल्ब.
आईला फोनवर विचारून पाहिलं.
"मी? कधी?" म्हणाली,
आणि डाळिंबं यंदा किती महाग झालीत ते सांगत राहिली.
मागे नळ वाहत होता.

मंगळवारी साबानं घराची किल्ली हरवली,
महिन्यात तिसऱ्यांदा.
माझा जबडा आपोआप मिटला.
गोचाकडे वळले आणि म्हणाले,
"त्याला सांग—"

साबा समोरच उभा होता. हात लांबवला तर लागेल इतका.
चौदा वर्षांचा, ओठावर नुकती लव.
त्यानं मान खाली घातली,
आणि ती मान मला ओळखीची वाटली.

जिन्यात जाऊन बसले. दिवा दोनदा विझला.
परत आले.
"मोजे ओले आहेत तुझे," म्हणाले, "काढ.
आणि मी रागावलेय. खूप.
पण बोलतेय."

रात्री नेस्तानला फोन लावला.
ती रुस्तावीत लोकांचे दात काढते.
ऐकून आधी हसली, मग हसायची थांबली.
"आई नुसतं 'पाव' म्हणायची गं.
गरम-बिरम मी घालायचे. कानांचंही माझंच.
मला वाटायचं, एवढ्याशा शब्दावर तू येणार नाहीस."

मी काही बोलले नाही. दोन मिनिटं असतील.
तिनं फोन ठेवला नाही, काही विचारलंही नाही.
तिचा श्वास ऐकू येत होता.

अडतीस वर्षं आईचं म्हणून जपलं,
ते आईचं नव्हतं.
आणि पाच वर्षांची एक पोर
सात पावलांच्या वाटेत
माझ्यासाठी वाक्य वाढवत होती.
यातलं आधी काय हातात घ्यावं, कळेना.
अजून कळत नाही.

दुसऱ्या संध्याकाळी टेबलावर पाव ठेवला.
कालचाच होता.
साबाच्या खोलीचं दार लोटलेलं.
गोचा म्हणाला, "सांगू त्याला?"
"नको," म्हटलं.
मीच गेले. दारात उभी राहिले.
"पाव ठेवलाय," म्हणाले,
"गरम आहे. लवकर ये."