थांबायला किती जागा लागते

बावीस वर्षं मी टेलिफोन एक्सचेंजात
"थांबा, लाइन जोडते" म्हणत होते.
लोक थांबायचे.
फियाट नाही थांबली.

मागच्या कार्तिकात कन्नडचा घाट उतरताना
आधी वास आला,
इस्त्री कापडावर विसरल्यासारखा,
मग पेडल खाली गेलं आणि खालीच राहिलं.
दुसरा टाकला, पहिला टाकला, हँडब्रेक ओढला.
डोंगराला अंग घासत, कधीतरी, थांबली.
शेजारी उखाभाऊ. तो काही बोलला नाही.
कठड्यावरच्या माकडांनी खाणंसुद्धा थांबवलं नाही.

आता चाळीसगावात, धुळे रोडला,
हिलाल मिस्तरीच्या गॅरेजात ती ठोकळ्यांवर उभी,
पुढची चाकं काढलेली,
आणि बाकावर दोन खोकी.

एक कोइम्बतूरचं. लाल कॅलिपर, भोकं पाडलेली डिस्क,
थर्माकोल, गुळगुळीत इंग्रजी पुस्तिका,
किंमत माझ्या तीन पेन्शनींएवढी.
दुसरं पुण्याचं, सुतळीनं बांधलेलं:
डिस्क मारुतीची, कॅलिपर मारुतीचाच,
ब्रॅकेट तेवढं नवं, जाड,
कडा अजून बोटाला लागतात.

अण्णानं लाल कॅलिपर हातावर तोलला,
केळीची फणी तोलावी तसा.
"चांगला शे.
पन येना पॅड घसाई ग्यात तर लेवाले कोठे जाशात, ताई?"
मारुतीचे पॅड स्टेशन रोडला मिळतात,
रसवंतीच्या शेजारी, रविवारीसुद्धा.
लाल खोकं मी बंद केलं. जरा वाईट वाटलं. सुंदर होतं.

नाशिकचे क्षेमकल्याणी जुन्या गाड्या जमवतात.
फोनवर हळहळले: "ड्रम काढताय?
मग ती मूळची राहिली नाही हो. किंमत पडणार."
मी म्हटलं, मी तरी कुठे मूळची आहे,
दोन्ही डोळ्यांत भिंगं, खाली तीन दातांचा ब्रिज.
आणि किंमत तशीही कुणी विचारलेली नाही.
एक ड्रम घरी नेला. वाऱ्याला दार आपटतं,
ते तो थांबवतो. तेवढं जमतं त्याला.

रिम चौदा इंची. कॅलिपर आत मावेल?
अण्णानं पुतण्याच्या लग्नाची जाड पत्रिका घेतली,
कात्रीनं कॅलिपरच्या आकाराची कापली
(नवरीचं नाव अर्धंच उरलं)
आणि हबला धरून चाक फिरवलं.
बिडी आडवी जाईल एवढी फट राहिली.
"बस झाली," म्हणाला.

मास्टर सिलिंडर जुना, एकाच वाटेचा.
एक नळी फुटली की चारही चाकं गेली.
नवा दोन वाटांचा, एक गेली तर दुसरी उरते.
त्यावर मी भाव केला नाही.

मग हवा काढायची. उखाभाऊ आत, पाय पेडलवर.
अण्णा चाकाशी उकिडवा, मी बाटली धरून.
दाब. दाबलं.
धर. धरलं.
सोड.
नळीतून बुडबुडे, बाटलीत फेस.
दाब. धर. सोड.
आठव्या का नवव्या वेळी भाऊ आतूनच म्हणाला,
"त्या दिवशी मीपण दाबत होतो.
माझ्या बाजूनं. जिथं काहीच नव्हतं."
बाटली माझ्या हातात हलली.
"सोडू नको आजून," अण्णा म्हणाला, भावाला.

संध्याकाळी बायपासच्या अर्धवट रस्त्यावर
अण्णानं एक चप्पल काढून डांबरावर ठेवली.
"आठे."
मी चाळीसवर आणली, दाबलं.
किंचित डावीकडे ओढली, पण थांबली, दोन हात अलीकडे.
त्यानं पाना लावला, काहीतरी सैल केलं, काहीतरी आवळलं,
चप्पल पाच पावलं माझ्याकडे सरकवली.
"आते आठे."
थांबली. सरळ.

तिसऱ्या वेळी चप्पल पायात घातली,
त्याच जागी स्वतः उभा राहिला,
आणि माझ्याकडे न बघता
खिशात काडेपेटी शोधू लागला.