गिरणी कुठल्या काठाला होती

इंगा सहा वर्षं काही लिहीत नव्हती.
म्हणजे लिहायची. दुधाची यादी,
आणि स्ट्रॉमनेसच्या धक्क्यावर, तिकिटाच्या खिडकीमागे बसून,
"दोन मोठे, एक लहान, एक गाडी, एक कुत्रा."
कुत्र्याला तिकीट लागत नाही. तरी लिहायची.

का थांबलीस विचारलं तर म्हणे, वारा पडला.
आता ऑर्कनीत वारा पडला म्हणजे काय?
इथे वाऱ्यापुढे झाड टिकत नाही,
वाळत घातलेला माझा शर्ट
एकदा पलीकडच्या बेटावर सापडला होता,
बटणांसकट.
पण मी खेकडे धरणारा माणूस.
पुढे विचारलं नाही.

चौथा खंड एका वाक्यात अडकला होता.
मी वाचलाय, चोरून:
"ओर्विनने दोर हातात घेतला आणि"
आणि.
सहा हिवाळे तो पोरगा दोर धरून उभा.
इथले हिवाळे, दुपारी साडेतीनला दिवा लावायचा.
रात्री जाग आली की मला त्याच्या तळहातांची काळजी वाटे.
ओला दोर काय करतो, ते मला माहीत आहे.

आधी लोक विचारायचे, पुढचा कधी?
मग विचारेनासे झाले.
हे तिने मला एकदाच सांगितलं, बटाटे सोलताना,
आणि लगेच म्हणाली, मीठ संपलंय.

फेब्रुवारीत गाडीचं टायर बदलेपर्यंत
ती ग्रंथालयात जाऊन बसली, तिथे ऊब असते म्हणून.
कपाटातून स्वतःचंच पुस्तक काढलं, तिसरं.
पान दोनशे बारा. कडेला शिसपेन्सिलीने, बारीक अक्षरात:
"चूक. पहिल्या खंडात ही गिरणी डाव्या काठाला आहे."
त्याखाली दुसऱ्याच कुणाचं तरी, निळ्या शाईत:
"बरोबर. मलाही खटकलं."

तणतणत घरी आली.
समजतात कोण स्वतःला!
मी जाळं सांधत होतो, मान खाली ठेवली.
अंगावर कोट तसाच, जिन्यावर बसून
तिने पहिला खंड उघडला.
डावा काठ.
तिसरा. उजवा.
पुन्हा पहिला.
मग बराच वेळ नुसती किटली वाजत राहिली.

"कधी गेली असेल?"
कोण?
"गिरणी. नदी ओलांडून कधी गेली असेल ती?"

मी म्हटलं, भरती संपून
ओहोटी लागायच्या आत
पाणी घटकाभर उभं राहतं, तेव्हा.
बोटवाल्याचं उत्तर, सहज दिलेलं.
तिने माझ्याकडे असं पाहिलं
की मी मागे वळून बघितलं, दारात कोण आलंय म्हणून.

त्या रात्री स्वयंपाकघरातला दिवा चालू राहिला.
सकाळी टेबलावर भरती-ओहोटीचं वेळापत्रक पालथं,
पाठीवर दीड पान मजकूर,
त्यातलं एक पान खोडलेलं.
म्हणजे अर्धं. ठीक आहे.
माझ्याही पिंजऱ्यांत कधी कधी एवढंच सापडतं.

"किती वेळ धरला की बोटं आपली वाटेनाशी होतात?"
न्याहारीला हा प्रश्न.
मी हात पुढे केला.
तिने उलटसुलट करून पाहिला,
मासळी निवडावी तसा,
आणि अंगठ्याच्या बुडाशी एक घट्टा
जरा जास्तच वेळ दाबून धरला.

ती अजून तिकिटं देते.
अजून कधी कधी आठवडाभर काही होत नाही,
दारं आपटतात, कपबशी फुटते.
ओर्विनने दोर सोडला की नाही, ठाऊक नाही;
चोरून वाचणं मी बंद केलंय.

फक्त एकदा, एप्रिलात,
एकटाच ग्रंथालयात गेलो आणि पान दोनशे बारा काढलं.
पेन्सिलीखाली निळी शाई,
निळ्या शाईखाली आता तिसरं अक्षर,
हिशेबाच्या वहीत रोज दिसतं ते:
"ठाऊक आहे. ती चालते."

आणि ही बाई मला तीस वर्षं सांगत आली,
ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहू नये.